नळीचे जास्तीचे चार इंच

माझ्या भावोजींना नेमबाजीच्या रेंजवर सगळे लांबनळे म्हणायचे. ते त्यांचं आडनाव नव्हे, पण नवीन माणसाला ते आडनावच वाटायचं आणि तो अदबीनं "लांबनळेसाहेब आहेत का?" असं विचारत वर्कशॉपात शिरायचा. भावोजी लेथवरून मान वर न करता "आहेत, बसा" म्हणायचे. मनातून ते या नावावर खूशच होते. त्यांनी बसवलेल्या रायफलीची नळी दुसऱ्या कुणाच्याही रायफलीपेक्षा लांब असायची, आणि ती का लांब असते हे विचारण्याची चूक जो करायचा त्याचा चहा तिथेच गार व्हायचा.

मी त्यांची मेहुणी. त्यांच्या लग्नापासून त्यांची थट्टा करायचा हक्क माझ्याकडे आला आणि मी तो कधी वाया जाऊ दिला नाही. शिवाय मीही त्याच रेंजवर कामाला आहे, पण दुसऱ्या टोकाला. नेमबाज जिथे पालथे पडून गोळ्या झाडतात तिथून नऊशे मीटरवर एक खोल खंदक आहे. खंदकाच्या डोक्यावर टार्गेटांच्या चौकटी उभ्या असतात. गोळी कागदातून गेली की आम्ही चौकट खाली ओढायची, भोकावर चकती लावायची, चौकट पुन्हा वर सारायची. दिवसभर डोक्यावरून गोळ्या जातात. घरी कुणी दार आपटलं तरी मी दचकत नाही, एवढाच त्या नोकरीचा फायदा.

भावोजींचं वर्कशॉप म्हणजे एक अरुंद, लांबलचक खोली. एका भिंतीला लेथ, दुसऱ्या भिंतीला लाकडी घोड्यावर उभ्या केलेल्या नळ्या, आणि सगळीकडे तेलाचा वास. नळी तपासायची त्यांची एक पद्धत होती. गजाच्या टोकाला तेलात भिजवलेली घट्ट चिंधी बांधायची, डोळे मिटायचे आणि गज नळीतून इतका हळू सरकवायचा की बघणाऱ्याला जांभई यावी. नळीच्या पोटात कुठे जरा सैल आहे, कुठे आवळलंय, हे त्यांना बोटांना कळायचं. अशा वेळी कुणी बोललं तर खैर नसे. ताई एकदा मला म्हणाली होती, "माझी नाडी बघायला सांगितली ना, तर घाईत बघतील."

लांब नळीचं त्यांचं शास्त्र खोटं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. काडतुसातली दारू पेटते, तिचा वायू गोळीला मागून ढकलतो. नळी जितकी लांब, तितका जास्त वेळ हा धक्का मिळतो आणि गोळी तितक्या जास्त वेगानं बाहेर पडते. एक इंच नळी कमी केली की वेग सेकंदाला सात-आठ मीटरनं घटतो. जवळच्या टार्गेटला याचं काही बिघडत नाही. पण नऊशे मीटरवर गोळी वाटेत रेंगाळली की वारा तिला हवं तिकडे नेतो. शिवाय लांबच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागच्या बारीक भोकातून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाची खूण, बघून नेम धरायचा, आणि माशी डोळ्यापासून जितकी दूर तितकी नेमातली चूक लवकर दिसते.

पण भावोजींचं मन या हिशोबावर बसलेलं नव्हतं, ते एका जुन्या अपमानावर बसलेलं होतं. तरुणपणी त्यांना स्वतःलाच नेमबाज व्हायचं होतं. ऐपत नव्हती, म्हणून कुणीतरी कापून आखूड केलेली एक रायफल त्यांनी मिळवली आणि हलक्या गोळ्या घेऊन ते लांबच्या स्पर्धेत उतरले. आता, गोळी आवाजापेक्षा जोरात धावते तोवर सरळ असते. तिचा वेग आवाजाच्या खाली घसरला की ती डगमगते, कधीकधी आडवी होते. भावोजींच्या टार्गेटवर गोल भोकं पडायच्या ऐवजी लांबोडकी भोकं पडली. खंदकातून कुणीतरी ओरडलं, "अरे, याची गोळी झोपून आली!" सगळी रेंज हसली. त्या दिवसानंतर भावोजींनी स्पर्धेत रायफल धरली नाही. ते नळ्या बसवायला शिकले, आणि त्यांच्या हातून आखूड नळी कधी निघाली नाही.

ताई शिवणकाम करायची. साधं नाही, नेमबाजांची जाड कॅनव्हासची, कोपराला चामडं लावलेली जाकिटं. मापं घ्यायला ती रेंजवर यायची. एकदा जाकीट कुठे ओढतंय ते बघायला म्हणून स्वतःच घालून चटईवर पालथी पडली, कुणीतरी गमतीनं रायफल दिली, आणि तिच्या पहिल्याच गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात गेल्या. भावोजी तिथे होते. लग्न कशावर ठरलं असं कुणी विचारलं की ते आजही सांगतात, "श्वासावर. गोळी सुटताना हिचा श्वास अगदी थांबलेला होता." नवरे बायकोच्या डोळ्यांचं कौतुक करतात, आमच्या भावोजींनी न घेतलेल्या श्वासाचं केलं.

लग्नानंतर त्यांनी तिच्यासाठी रायफल बांधली. नळी निवडण्यात एक मोसम गेला, दस्ता घासण्यात दुसरा. दस्त्याचं लाकूड ताईच्या गालाला लावून बघायचे, पुन्हा घासायचे. नळी मात्र पूर्ण तीस इंच ठेवली. ताई माझ्या खांद्याला लागेल एवढी. ती रायफल शेजारी उभी केली की दोघींत ठेंगणी कोण याची पैज लावावी. मी म्हटलं, "भावोजी, ही रायफल ताईसाठी आहे की ताई रायफलीसाठी?" ते हसले. ताईही हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. ताई जिंकत होती. पण पालथं पडून नेम धरताना रायफलीचा सगळा भार डाव्या हातावर येतो. टेकू लावायला परवानगी नसते; दंडाला चामड्याचा पट्टा बांधायचा आणि कोपरावर हात रोवायचा. नळी लांब असली की वजन पुढे, टोकाकडे जातं. दिवसभर शिलाई करून ताईचा कोपर आधीच कुरकुरत होता. हळूहळू तिची करंगळी बधिर व्हायला लागली. पहिल्या फैरीत तिची भोकं बशीएवढ्या जागेत असायची, शेवटच्या फैरीत पसरायची. खंदकात मी चकत्या लावायचे, त्यामुळे हे मला तिच्याही आधी कळायचं.

एका रविवारी जेवताना तिनं विषय काढला. मी तिथेच होते.

"अहो, नळी थोडी कमी केली तर?"

भावोजींचा घास हातातच राहिला. "कमी म्हणजे?"

"म्हणजे तीन-चार इंच. पलीकडच्या रेंजवरचे कारागीर करून देतात. नळी कापतात आणि पुढे हलकी पोकळ नळकांडी बसवतात. माशी तिथेच राहते, वजन तेवढं कमी होतं. मी बघितलंय."

"नळीला शेपूट लावतात ते!" भावोजी म्हणाले. "अगं, गोळीला त्या नळकांडीचा काय उपयोग? धक्का मिळतो तो खऱ्या नळीत. चार इंच म्हणजे वेग कुठल्या कुठे जाईल. नऊशे मीटरला गोळी झोपून यायची."

"आता आपण वजनदार गोळी वापरतो ना पण? ती वेग लवकर सोडत नाही, तुम्हीच सांगता."

"मी सांगतो ते पूर्ण ऐक मग. हात दुखत असेल तर हाताला ताकद आण. सकाळी उठून थोडा व्यायाम कर."

ताईनं आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, "भावोजी, नळी कापता येते, हात वाढवता येत नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आमटीत लक्ष घातलं.

ताईनं नंतरही एक-दोनदा सांगून बघितलं. प्रत्येक वेळी तिला वेगाचं व्याख्यान मिळालं. भावोजी तिच्यावर रागावत नसत, हेच वाईट होतं. ते इतक्या प्रेमानं समजावायचे की पुढे भांडायलाही जागा उरायची नाही. तिच्यासाठी ते गरम पाण्याची पिशवी भरून आणायचे, कोपराला मलम चोळायचे. नळी तेवढी कापायची नाही.

मग ती निवड आली. परदेशात लांब पल्ल्याची मोठी स्पर्धा होती, संघात एकच जागा उरली होती, आणि ताईचं वय असं होतं की पुढच्या खेपेची वाट बघण्यात अर्थ नव्हता. लग्नाच्या आधीपासून तिला एकच हवं होतं: एकदा संघाच्या जाकिटात पालथं पडायचं. इतरांची संघाची जाकिटं तिनं किती शिवली, त्याला गणती नाही. निवडीच्या दिवशी दुपारपर्यंत ती पुढे होती. खंदकात मी तिचीच चौकट मागून घेतली होती. शेवटच्या फैरीतली पहिली भोकं मधोमध पडली. मग एक जरा खाली पडलं. पुढचं त्याच्याही खाली. चौकट खाली ओढायची आणि भोक आणखी उतरलेलं बघायचं. तिथे, नऊशे मीटरवर, माझ्या बहिणीचा हात खचत होता आणि मला त्याचा कागद हातात मिळत होता. शेवटी एका गुणानं जागा गेली.

संध्याकाळी वर आले तर भावोजी ताईच्या शेजारी उभे राहून म्हणत होते, "वारा फिरला गं शेवटी. वाऱ्यानं घात केला."

मला राहवलं नाही. "वारा गोळीला आडवा नेतो, भावोजी," मी म्हटलं, "खाली नाही नेत." त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं. थट्टेची तर गोष्टच सोडा.

ताईनं रायफल ठेवून दिली. रडली नाही, धुसफुसली नाही, पुन्हा जाकिटं शिवायला बसली. भावोजींनी ती वर्कशॉपात खुंट्यांवर आडवी टांगली आणि तिच्यावर कधी धूळ बसू दिली नाही. दर थोड्या दिवसांनी ते म्हणायचे, "बघ, तुझी तयार आहे हं. कधीही ये." ताई म्हणायची, "बघू." मग तिच्या उजव्या डोळ्यात मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं पुसट. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते सांभाळा. सुई तिला आता लेक ओवून देते. तेव्हापासून भावोजींचं ते "कधीही ये" बंद झालं.

गेल्या वर्षी वर्कशॉपची फरशी उखडून नवी घालायची निघाली. सामान बाहेर काढताना भावोजींच्या स्वतःच्याच हातून ती रायफल निसटली आणि तोंडावर, काँक्रिटवर आपटली. नळीच्या तोंडाची कड चेपली. अशा कडेतून गोळी सरळ निघत नाही. तोंड कापून नवीन करावंच लागतं. त्यांनी आतून बघितलं तर वर्षानुवर्षं साफ करायचा गज घासून नळीचा पुढचा भागही झिजला होता. चांगला भाग लागेपर्यंत कापायचं म्हणजे चार इंच गेले. नवीन नळी घालता आली असती. पण ही त्यांनी स्वतः निवडलेली, ताईची नळी, त्यामुळे जिवावर आलं तरी तीच कापली. पुढे पोकळ नळकांडी बसवली, तीही तोंड वाकडं करत.

नंतर ते ती तपासायला रेंजवर आले. मला खंदकात जायला सांगितलं, ताईच्या वेळचीच वजनदार गोळी भरली आणि रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून झाडली.

खंदकात बसणाऱ्याला एक गोष्ट कळते, जी गोळी झाडणाऱ्याला कळत नाही. गोळी आवाजापेक्षा जोरात येत असेल तर ती डोक्यावरून जाताना चाबूक ओढल्यासारखी कडाडते. वेग घसरलेला असेल तर नुसतं फुस्स होतं. मी कान देऊन बसले होते. पहिली गोळी कडाडली. दुसरीही तशीच. सगळ्या कडाडल्या. चौकट खाली ओढली तर भोकं गोल होती, आणि इतकी जवळजवळ की एका चकतीखाली दोन-दोन झाकली जात होती. आखूड नळी ताठ असते, झाडताना कमी थरथरते, हे मीही तोवर ऐकूनच होते.

वॉकीटॉकीवर भावोजींचा आवाज आला. "कशी आहेत?"

"गोल आहेत."

"आवाज?"

"कडक. सगळ्या."

मग ते म्हणाले, "वेग जरा घटला, म्हणून नेमाचं मागचं भोक दोन-तीन खटके वर घ्यावं लागलं. एवढंच. बाकी काही नाही." आणि थोड्या वेळानं, "एवढंच होतं गं ते."

मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं मी तो जपून ठेवला होता. पण तो आवाज ऐकला आणि मी खंदकाच्या भिंतीला टेकून बसून राहिले.

त्यानंतर भावोजींनी अन्न टाकलं असं नाही, पण जेवायचं म्हणून जेवत होते. वर्कशॉपात गेलं की लेथ बंद आणि हे स्टुलावर. शेवटी एकदा मला म्हणाले, "सांगू का तिला?"

"कशाला? तिला बरं वाटावं म्हणून की तुम्हाला?"

"बरं कुणालाच वाटणार नाही," ते म्हणाले. "पण तिला वाटत असेल की आपलाच हात कमी पडला. तो कमी पडला नव्हता. हे तिचं तिला मिळायला हवं."

मी त्यांच्याबरोबर घरी गेले.

ताई शिवणाच्या खोलीत कापड बेतत होती. भावोजींनी रायफल पेटीतून काढली आणि टेबलावर ठेवली. ताईनं बोटांनी नळी चाचपली, मागून पुढे, सावकाश. जिथे नळी संपून नळकांडी सुरू होत होती तिथे तिची बोटं थांबली.

"कापलीत?"

"पडली होती. कापावी लागली." भावोजी म्हणाले. "चार इंच. झाडून बघितली. नऊशे मीटरला. काहीही बिघडत नाही. उलट जास्त चांगली लागते. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं. तुझा हात कमी पडला नाही, माझं चुकलं."

त्यांनी हे वाटेत पाठ केलं असावं, कारण ते एका दमात आलं आणि संपल्यावर त्यांना पुढे काय करायचं ते सुचेना.

ताई म्हणाली, "माझं जाकीट काढ गं जरा."

मी कपाटातून काढून दिलं. तिनं ते चढवलं, कापडाचे तुकडे पायानं बाजूला सारले आणि फरशीवर पालथी पडली. भावोजींनी गुडघ्यावर बसून तिच्या दंडाला पट्टा बांधला, रायफल हातात दिली. रिकामीच होती, त्यांनी दोनदा बघितली. ताईनं गाल दस्त्याला लावला, कोपर रोवला आणि उघड्या दाराबाहेरच्या समोरच्या भिंतीवर नेम धरला.

आम्ही बघत उभे. ती तशीच पडून होती. पाच मिनिटं झाली असतील, कदाचित जास्त. नळीचं टोक जरासुद्धा हललं नाही.

"माशी दिसत नाही मला," ती म्हणाली. "नुसता धुरकट डाग आहे. पण हात स्थिर आहे ना?"

"आहे," भावोजी म्हणाले. "अगदी स्थिर आहे."

"मला कळतंय ते. वजन इथे येतंय, अंगाजवळ. बोटं बधिर होत नाहीत." मग ती म्हणाली, "अशी हवी होती."

मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. ताई तशीच आहे, आयुष्यभर तेच म्हणत आली. तिनं ते म्हटलं नाही. तिनं रायफल हळूच खाली ठेवली.

"ही आता कुणा नेम दिसणाऱ्याला द्या," ती म्हणाली.

"छे! कुणाला कशी देऊ?" भावोजी म्हणाले. "तुझी आहे ती."

"माझी असती तर तेव्हाच कापली असतीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कापड आखूड पडलं तर सांगते, तसं सांगितलं तिनं. भावोजी तिथेच फरशीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळानं ताई कुशीवर वळली आणि दंड त्यांच्यापुढे केला.

"पट्टा सोडा," ती म्हणाली. "माझा हात पोचत नाही."

त्यांनी डोळे पुसले आणि बकल शोधायला लागले. सोडायला त्यांना बराच वेळ लागला.